साक्षांकन नमुना भरण्याआधी: सरकारी नोकरीची पोलीस पडताळणी कुठे अडते

निवड यादीत नाव लागलं की घरात पेढे येतात, आणि काही दिवसांनी खात्याचा जाडजूड लिफाफा येतो. त्यात वैद्यकीय तपासणीचं पत्र असतं आणि त्याच्याखाली साक्षांकन नमुना, म्हणजे पोलीस पडताळणीसाठी स्वतःची माहिती लिहून द्यायचा अटेस्टेशन फॉर्म. वैद्यकीय तपासणीची पोरं काळजी घेतात. उपाशीपोटी रक्त देऊन येतात, चष्म्याचा नंबर आधीच तपासून घेतात. साक्षांकन नमुना मात्र लोकलमध्ये मांडीवर बॅग ठेवून, ठाण्याला बसून दादर येईपर्यंत भरून टाकतात.

मी फोर्टातल्या एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत बरीच वर्षं काढली. हातातोंडाशी आलेली नोकरी गेल्यावर जे उमेदवार माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले, त्यांच्यात खरोखरचे गुन्हेगार फार थोडे होते. बाकीच्यांना नडला तो त्यांनीच लिहिलेला एक शब्द: 'नाही'.

पडताळणीचं गणित साधं आहे. तुम्ही एक कागद देता. खातं तो पोलिसांकडे पाठवतं. पोलीस त्यांच्याकडचा कागद काढतात. दोन्ही कागदांवर एकच हकीकत आहे का, हे आधी बघितलं जातं. तुम्ही सज्जन आहात की नाही, हा विषय त्यानंतरचा. म्हणून काम उलटीकडून सुरू करायचं. पोलिसांच्या दप्तरात आपल्याबद्दल काय आहे ते आधी काढायचं, मग पेन उघडायचं.

आधी कळू द्या, तुमची पडताळणी कुठली

पोलीस ठाण्यातून किंवा ऑनलाइन अर्ज करून आपण स्वतः काढतो तो चारित्र्याचा दाखला, म्हणजे पीसीसी, ही एक गोष्ट. नियुक्ती अधिकारी आपल्या पाठीमागे पोलिसांकडून करवून घेतो ती चारित्र्य व पूर्वचारित्र्य पडताळणी ही दुसरी. 'साहेब, माझ्याकडे पीसीसी आहे की' असं सांगणारे पुष्कळ भेटले. पीसीसी असला तरी साक्षांकन नमुना भरावाच लागतो आणि त्याची चौकशी वेगळी होते.

तिसरा प्रकार याहून कडक. विमानतळाच्या आत काम करायचं तर लागणारा एअरपोर्ट एन्ट्री परमिट, म्हणजे एईपी, हा नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोच्या नियमांखाली येतो. ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र, कुलाब्याकडची नौदलाची गोदी, अशा ठिकाणी चौकशी जास्त खोल जाते आणि प्रश्नही जास्त असतात. नातेवाईक कुठल्या देशात आहेत, कोण परदेशात राहून आलं, हे तिथे बारकाईने विचारतात. काका कुवेतला, मामेभाऊ दुबईला, ही कोकणातल्या अर्ध्या घरांची गोष्ट आहे. त्याने कुणाचं काम अडत नाही. ते लपवलं तर अडतं.

पत्ते: पाच वर्षांतली सगळी घरं

केंद्राच्या नमुन्यात मागच्या पाच वर्षांत जिथे जिथे एक वर्षापेक्षा जास्त राहिलात ते पत्ते मागतात. मुंबईत यावर एक गंमत होते. भाड्याचे करार अकरा महिन्यांचे. भांडुपला अकरा महिने, मग दिव्याला अकरा, मग नालासोपाऱ्याला अकरा. एकाही घरात वर्ष भरलं नाही म्हणून उमेदवार सगळीच गाळतो आणि गावचा पत्ता तेवढा लिहितो. मग गावचे पोलीस पाटील सांगतात, 'पोरगा पाच वर्षांपासून मुंबईला आहे.' मुंबईत तर पत्ताच नाही. फाइल तिथेच थांबते.

माझा सल्ला असा की वर्ष भरलेलं असो नसो, सगळी घरं महिन्यानिशी लिहा. जागा पुरली नाही तर वेगळा कागद जोडा आणि नमुन्यात 'सोबत जोडलेले परिशिष्ट पाहावे' असं लिहा. प्रत्येक घरापुढे पोलीस ठाणंही लिहा. भांडुप मुंबई पोलिसांकडे, दिवा ठाणे आयुक्तालयाकडे, नालासोपारा मीरा-भाईंदर वसई-विरार आयुक्तालयाकडे, कामोठे नवी मुंबईकडे. लोकलच्या एका पासात चार आयुक्तालयं येतात. प्रत्येकाकडे स्वतंत्र पत्र जातं आणि सगळ्यांची उत्तरं आल्याशिवाय फाइल हलत नाही. यात खात्याचा दोष नसतो, तुमचाही नसतो. पण ठाणं चुकीचं लिहिलंत तर पत्र फिरत राहतं.

पुनर्विकासाची घरं ही आणखी एक अडचण. शिवडीची चाळ पाडली, तुम्ही संक्रमण शिबिरात गेलात, आधारवर अजून चाळीचाच खोली नंबर. हवालदार चाळीच्या पत्त्यावर जातो तर तिथे निळे पत्रे आणि वॉचमन. तो बिचारा अहवालात लिहितो, 'सदर इसम नमूद पत्त्यावर मिळून आला नाही.' या एका वाक्याने किती पोरांचे महिने खाल्ले असतील, मोजदाद नाही. जुना पत्ता, तो पाडल्याचा उल्लेख आणि सध्याचा पत्ता तिन्ही लिहा. शिबिराच्या वाटपपत्राची किंवा बिल्डरच्या भाडेकराराची झेरॉक्स जोडा.

गुन्ह्यांचा रकाना

इथे थोडं थांबू, कारण खरी घसरगुंडी इथेच आहे.

नमुन्यात साधारण असा प्रश्न असतो: तुम्हाला कधी अटक झाली आहे का, खटला चालला आहे का, स्थानबद्ध केलं आहे का, बंधपत्र घेतलं आहे का, न्यायालयाने दंड केला आहे का, दोषी ठरवलं आहे का, कुठलं प्रकरण प्रलंबित आहे का. हे सगळे प्रश्न वेगवेगळे आहेत. उमेदवार मात्र सगळ्यांचा मिळून एकच प्रश्न वाचतो, 'तुम्ही तुरुंगात गेला होतात का?', आणि 'नाही' लिहून मोकळा होतो.

लालबागकडचा एक मुलगा आठवतो. मंडळाचा कार्यकर्ता. एका रात्री उशिरापर्यंत स्पीकर चालू राहिला आणि पोलिसांनी चार-पाच जणांची नावं घेतली, ठाण्यात बसवून सह्या घेतल्या, चहा पाजला आणि सोडलं. अटक नाही, कोठडी नाही. घरीही कुणाला कळलं नाही. पोलिसांनी यथावकाश न्यायालयात दोषारोपपत्र पाठवलं. समन्स जुन्या पत्त्यावर जाऊन परत आलं. चार वर्षांनी त्याने साक्षांकन नमुन्यात प्रत्येक रकान्यात 'नाही' लिहिलं, आणि अगदी प्रामाणिकपणे लिहिलं. पोलिसांचा अहवाल आला: गुन्हा नोंद, खटला प्रलंबित. स्पीकरच्या गुन्ह्यावर कुणी नोकरी नाकारली नसती. माहिती दडवली म्हणून नियुक्ती रद्द झाली, आणि त्यावर भांडण्यात त्याची दोन वर्षं गेली.

म्हणून मुंबईत राहणाऱ्याने स्वतःला हे प्रश्न विचारायचे. मोर्चात, दहीहंडीत, निवडणुकीत कधी नाव लिहून घेतलं होतं का? जमावबंदी मोडल्याबद्दल महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १३५ खाली गुन्हा नोंदवतात, आणि तो मंडळाच्या पोरांवर सहज लागतो. २०२० च्या टाळेबंदीत मास्क नाही, विनाकारण बाहेर, म्हणून भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली पकडलं होतं का? ते गुन्हे मागे घेण्याची घोषणा सरकारने नंतर केली, पण खटला मागे घ्यायला न्यायालयाची परवानगी लागते. तुमचा खरंच मागे घेतला गेला का, हे कागद बघूनच कळेल. एकतीस डिसेंबरच्या नाकाबंदीत दारू पिऊन गाडी चालवताना सापडला होतात का? ते मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, आणि ते न्यायालयात जातं. ॲपवरून भरलेलं सिग्नलचं ई-चलान ही त्यापेक्षा वेगळी गोष्ट. तो तडजोडीचा दंड, न्यायालयाने सुनावलेला नव्हे.

आणि रेल्वे. रूळ ओलांडताना आरपीएफने धरलं, रेल्वे न्यायालयात रांगेत उभं केलं, गुन्हा कबूल म्हटलं, दंड भरला, पावती खिशात टाकून पुढची गाडी पकडली. मुंबईकर याला गुन्हा मानतच नाही. पण रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली न्यायालयाने केलेला तो दंडच आहे. विनातिकीट सापडून टीसीला जागेवर पैसे भरलेत तर न्यायालयाचा संबंध आला नाही. भरले नाहीत आणि न्यायालयात गेलात तर आला. हे पोलीस ठाण्याच्या नोंदीत दिसेलच असं नाही. तरी विचारलंय ते सांगायचं, विशेषतः नोकरी रेल्वेतलीच असेल तर.

'बाउंड डाउन' हा शब्द केंद्राच्या नमुन्यात येतो आणि कुणालाच कळत नाही. त्याचा मुंबईतला अर्थ चॅप्टर केस. शेजाऱ्याशी मारामारी झाली, एसीपींपुढे उभं केलं आणि शांतता राखीन असं बंधपत्र लिहून घेतलं, तर त्या रकान्यात 'होय'. याउलट सणासुदीला मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना हातात देतात ती '१४९ ची नोटीस' ही नुसती ताकीद असते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तिचं कलम १६८ झालं, पण ठाण्यात अजून जुनाच आकडा चालतो. ती मिळाली म्हणून कुणी बंधपत्रावर जात नाही.

एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, ही एफआयआर नव्हे. रकान्यात विचारलं नसेल तर ती न लिहिणं लपवणं ठरत नाही. मी तरी परिशिष्टात एक ओळ लिहिली असती. अहवालात अचानक उगवण्यापेक्षा आपल्या हातून गेलेली बरी.

वय अठराच्या आत असताना काही घडलं असेल तर गोष्ट वेगळी. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम २४ प्रमाणे अशा निकालामुळे सहसा अपात्रता येत नाही. सोळा ते अठरा वयातल्या, प्रौढ म्हणून खटला चाललेल्या गंभीर प्रकरणांना मात्र ते संरक्षण नाही. वकिलाला एकदा दाखवून घ्या.

परीक्षेचा रकानाही असतो: कुठल्या विद्यापीठाने किंवा आयोगाने परीक्षेला बसण्यास बंदी घातली होती का? बारावीची कॉपी केस लोक विसरतात. बोर्ड विसरत नाही.

पोलिसांचा कागद कसा काढायचा

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नावाने शोधा. नाव तीन-चार प्रकारे टाका, कारण न्यायालयातल्या टंकलेखकाने आडनाव कसं लिहिलं असेल याचा भरवसा नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रसिद्ध झालेले एफआयआर बघता येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर, संवेदनशील गुन्हे सोडून, ते चढवणं बंधनकारक आहे. त्याआधीचं असेल तर सरळ ठाण्यात जा, किंवा माहितीच्या अधिकारात 'माझ्याविरुद्ध आपल्या ठाण्यात नोंद असलेले गुन्हे व त्यांची सद्यःस्थिती' मागा. उत्तराला तीस दिवस लागू शकतात, म्हणून हे काम निकालाची वाट बघत असतानाच उरकून घ्यायचं.

काही सापडलं तर त्याचा शेवट काय झाला याची प्रमाणित प्रत काढा. पोलिसांनी तपास बंद केला असेल तर 'समरी' कुठली ते बघा. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा नाही. 'ब' म्हणजे तक्रारच खोटी. 'क' म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाचं प्रकरण. तुमच्या नावावरच्या गुन्ह्यात 'ब' समरी न्यायालयाने मंजूर केली असेल तर तो कागद सोन्याचा. आणि निर्दोष सुटला असाल तर निकालाचं शेवटचं पान नव्हे, सगळा निकाल काढा. संशयाचा फायदा देऊन सोडलं की आरोपच टिकला नाही म्हणून सोडलं, हा फरक खातं बघतं. साक्षीदार फितूर झाल्यामुळे सुटलेल्याला पोलीस दलात घ्यायलाच हवं असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका प्रकरणात सांगितलेलं आहे.

'होय' लिहिलं तर नोकरी जाते का?

सगळ्यांची भीती हीच. याचं उत्तर २०१६ च्या अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या निकालात आहे. तीन न्यायाधीशांच्या पीठाने तिथे नियमच आखून दिले. त्यांचा सारांश असा: माहिती खरी हवी, तरुण वयात घोषणा दिल्यासारखी किरकोळ बाब असेल तर ती दडवल्याकडेही खातं दुर्लक्ष करू शकतं, गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर नियुक्ती रद्द करता येते, जे स्पष्ट शब्दांत विचारलंच नव्हतं ते सांगितलं नाही म्हणून दडवल्याचा ठपका ठेवता येत नाही, आणि नोकरीत कायम झालेल्याला चौकशीशिवाय काढता येत नाही.

त्याच निकालात एक कडू गोळीही आहे. खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी, असंही खात्यावर बंधन नाही. पद काय, गुन्हा काय, तेव्हा वय काय, हे तोलून खातं ठरवतं. लिपिकाला जे चालेल ते पोलीस शिपायाला चालेलच असं नाही. तरी 'होय' लिहिणाऱ्याच्या फाइलवर चर्चा होते, 'नाही' लिहून सापडलेल्याच्या फाइलवर बहुधा फक्त आदेश निघतो.

लिहायचं कसं? रडगाणं नको, खुलासा नको. एवढं पुरतं:

'अमुक तारखेस अमुक स्थानकाजवळ रूळ ओलांडल्याबद्दल रेल्वे कायदा, १९८९, कलम १४७ अन्वये माझ्यावर कारवाई झाली. त्याच दिवशी रेल्वे न्यायालयात गुन्हा कबूल करून रु. ५०० दंड भरला. पावतीची प्रत जोडली आहे. याव्यतिरिक्त माझ्याविरुद्ध कोणताही गुन्हा नोंद वा प्रलंबित नाही.'

शेवटचं वाक्य मात्र वरची शोधाशोध केल्यावरच लिहायचं.

भरताना आणि भरल्यावर

नाव सगळीकडे एकसारखं हवं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर दोन्ही नावं लिहा. राजपत्रात बदल छापला असेल तर त्याची प्रत जोडा. ओळखीच्या दोन जबाबदार व्यक्ती लिहायच्या असतात, त्यांना आधी सांगा. 'कोण हा? मी नाही ओळखत,' असं फोनवर सांगून मोकळे झालेले सोसायटीचे सेक्रेटरी मी पाहिलेत. राजपत्रित अधिकाऱ्याचा दाखला खरोखर ओळखणाऱ्याकडूनच घ्या. भरलेल्या नमुन्याची पानन् पान झेरॉक्स काढून ठेवा. पुढच्या वर्षी दुसऱ्या परीक्षेत निवड झाली तर हीच माहिती पुन्हा लिहायची आहे, आणि दोन नमुन्यांत फरक पडला तर तोही सापडतो.

नमुना दिल्यानंतर काही घडलं, अटक झाली, गुन्हा नोंदला गेला, तर ते लगेच कळवायचं असतं. नमुन्याच्या वरच्या बाजूला बारीक अक्षरात ती सूचना असते. न कळवणं म्हणजे दडवणं, असंही तिथेच लिहिलेलं असतं.

पोलीस चौकशीला आले तर घरच्यांना माहीत असू द्या की कोण, कशासाठी येणार आहे. दारात वर्दी बघून आजी 'तो इथे राहत नाही' म्हणून सांगते, प्रेमापोटी. मूळ कागद एका पिशवीत तयार ठेवा. चहा द्यायचा असेल तर द्या. 'चहापाणी' मागितलं तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर त्यासाठीच आहे.

नाकारलं तर

राज्याच्या आणि केंद्राच्या साध्या नोकऱ्यांत बहुधा आधी कारणे दाखवा नोटीस येते. दिलेल्या मुदतीत, कागदांसह, मुद्द्याला धरून उत्तर द्या. वर सांगितलेला २०१६ चा निकाल त्यात नावानिशी लिहा. आदेश विरुद्ध गेला तर राज्य सरकारच्या नोकरीसाठी मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, आणि केंद्राच्या नोकरीसाठी कॅट, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. दोन्हींची खंडपीठं मुंबईत आहेत आणि दोन्हींची मुदत अंतिम आदेशापासून एक वर्ष. महापालिका किंवा महामंडळाचं असेल तर कुठे जायचं ते वकिलालाच विचारा. पैशाची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो.

विमानतळाच्या आणि त्याहून कडक पडताळणीत नाकारण्याचं कारण कळेलच याची खात्री नाही. राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न असेल तर बाजू मांडण्याची संधी नाकारता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये विमानतळावर काम करणाऱ्या एका कंपनीच्या प्रकरणात म्हटलं. २०२३ मध्ये मीडियावन वाहिनीच्या निकालात त्याच न्यायालयाने हेही सांगितलं की 'राष्ट्रीय सुरक्षा' हे दोन शब्द उच्चारले म्हणून सरकारची सुटका होत नाही. ही दोन्ही कंपन्यांची प्रकरणं. एकट्या लोडरला किंवा तंत्रज्ञाला एवढी लढाई परवडत नाही. गुप्तचर विभागाचा अहवाल माहितीच्या अधिकारातही मिळत नाही, कलम २४ ने तो विभाग वगळलेला आहे. अशा वेळी नियोक्त्यामार्फत फेरविचाराचा अर्ज करून, पत्ता किंवा नावातली चूक तर नाही ना, एवढं तरी तपासून घ्यायला सांगा. सारख्या नावाचा दुसराच माणूस निघण्याचे प्रकार घडतात, आणि बाप-आजोबांच्या नावासकट जन्मतारीख दिली की ते सुटतात.

आदेशाचा लिफाफा फेकू नका. आत तारीख महिनाभर आधीची असते आणि पोस्टाचा शिक्का नंतरचा. मुदत कधी सुरू झाली यावर वाद झाला तर तो शिक्काच कामाला येतो.